अंधारात बघा

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी एका तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षं डोळ्यांची डॉक्टर म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे. डोळ्यांच्या डॉक्टरनं भाषण द्यायचं म्हटलं की मोतीबिंदू, चष्मा, फार तर मधुमेह, असे विषय लोकांना अपेक्षित असतात. आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, तो तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कधीच येणार नाही. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. तरी त्यावर बोलायचं, कारण हा आजार बहुधा डॉक्टरच्या आधी आईला दिसतो. आणि आई सांगते तेव्हा आपण नीट ऐकलं नाही तर काय होतं, हे मी दुसऱ्या कुणाच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगणार आहे.

या आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्याला आपण दृष्टिपटल म्हणतो, त्याचा हा कर्करोग. तो जवळजवळ नेहमी लहान मुलांनाच होतो, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. बाळाला दुखत नाही, ताप येत नाही, बाळ खातं-पितं, खेळतं. एका डोळ्यानं दिसत नसलं तरी दुसऱ्या डोळ्यानं त्याचं भागतं. सांगायला त्याला शब्द नसतात. मग दिसतं काय? बाहुलीत एखाद्या वेळी पांढरी चमक दिसते, किंवा डोळा तिरळा होतो. बस्स, एवढंच.

ही १९९८ सालची गोष्ट आहे. बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी माझ्याकडे सकाळपासून रांग लागायची, ऐंशी-नव्वद माणसं सहज व्हायची. त्या गर्दीत विशीतली एक मुलगी अकरा महिन्यांची लेक कडेवर घेऊन आली. सोबत सासू होती. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हिचा उजवा डोळा मांजरावानी चमकतो." मी विचारलं, "कधी चमकतो?" तर म्हणाली, "सांच्याला. लाइट गेल्यावर हातात दिवा घेऊन पाळण्यात वाकून बघितलं, की चमकतो. दिवसा न्हाई दिसत."

मी खिडकीजवळ बाळाला धरायला लावलं आणि बॅटरी मारून पाहिलं. भर दुपारचा उजेड, त्यात बॅटरीचा झोत. बाळाची बाहुली मोहरीएवढी बारीक झाली. मला काही चमकताना दिसलं नाही. डोळा किंचित आत वळल्यासारखा वाटला. बाळ रडायला लागलं, बाहेरून कुणीतरी दार ढकलत होतं. मी म्हणाले, "अगं, नाकाचा पूल बसका आहे, म्हणून तिरळं वाटतं. मोठी झाली की जाईल. काळजी करू नकोस." सासूबाई खूश झाल्या. "तिरळी पोर नशिबाची असती," असं म्हणत त्या उठल्या. ती मुलगी मात्र दारात क्षणभर थांबली होती, हे मला आजही आठवतं. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

मी काय करायला हवं होतं, ते सांगते. बाळाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबायचं. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन आतला पडदा बघायचा. अंधारी खोली माझ्या दवाखान्यातच होती, माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर. चष्म्याचा नंबर काढायला मी ती रोज वापरत होते.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र काढलं, त्याला ऑप्थॅल्मोस्कोप म्हणतात. त्याचं तत्त्व अगदी साधं आहे. प्रकाश आणि बघणाऱ्याची नजर एका रेषेत असली, तर बाहुलीतून आत गेलेला उजेड परत फिरून बघणाऱ्याला दिसतो. निरोगी डोळ्यातून तो लालसर दिसतो, कारण मागच्या थरांत रक्तवाहिन्या असतात. तिथे पांढरी गाठ असली, तर तो पांढरा दिसतो. ती आई काय करत होती? अंधारात, चेहऱ्याजवळ दिवा धरून, मोठ्या झालेल्या बाहुलीत वाकून बघत होती. न शिकता तिनं तीच तपासणी केली होती आणि निदानही बरोबर केलं होतं. जी डॉक्टर ते शिकलेली होती, तिनं खिडकीच्या उजेडात बॅटरी मारली.

चौदा महिन्यांनी ती परत आली. मुलीचा डोळा लाल होता, सुजला होता आणि पुढे आला होता. या वेळी तिनं पिशवीतून एक फोटो काढला. दिराच्या लग्नात फ्लॅश मारून काढलेला. बाळ तेव्हा सहा-सात महिन्यांचं असेल. एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची खडूसारखी पांढरी. फोटोवाला म्हणाला होता, फोटो खराब आला, शाईचा काळा ठिपका देऊन नीट करून देतो. तिनं तो तसाच मागून घेतला होता.

मी त्यांना त्याच दिवशी मुंबईला पाठवलं. तिथे डोळा काढावा लागेल असं सांगितलं. घरचे गडबडले. मुलीची जात, एक डोळा नसला तर पुढे कसं व्हायचं, देवाचं काही बघू, गावातल्या जाणत्याला विचारू, असं करता करता वीस दिवस गेले. मग शस्त्रक्रिया झाली. पण तोवर रोग डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत शिरला होता. औषधं झाली, किरणं झाली. तिसरा वाढदिवस व्हायच्या आत ती मुलगी गेली.

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, खेड्यातले लोक, अडाणी, उशिरा येतात. मीही पुष्कळ वर्षं असंच म्हणत असे. या घरापुरता हिशेब मांडला, तर त्यांच्या नावावर वीस दिवस येतात आणि माझ्या नावावर चौदा महिने.

आता जरा मोठा हिशेब सांगते. २०१७ साली जगभरात ज्या मुलांमध्ये या रोगाचं निदान झालं, त्यांची एक मोठी पाहणी झाली. १५३ देश आणि ४३५१ मुलं. २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्रीमंत देशांत निदान होताना मुलांचं मध्यम वय होतं साधारण चौदा महिने. सर्वांत गरीब देशांत ते होतं साडेतीस महिने. श्रीमंत देशांत रोग डोळ्याबाहेर पसरलेली मुलं शंभरात दोनही नव्हती. गरीब देशांत जवळजवळ निम्म्या मुलांचा रोग डोळ्याबाहेर गेला होता. पुढे याच मुलांचं काय झालं तेही पाहिलं गेलं. तीन वर्षांनी श्रीमंत देशांतली जवळपास सगळी मुलं जिवंत होती. सर्वांत गरीब देशांत शंभरातली साठही नव्हती.

हे आकडे वाचले तेव्हा मला ती अकरा महिन्यांची मुलगी आठवली. श्रीमंत देशांत निम्मी मुलं चौदा महिन्यांची होईपर्यंत सापडतात. ही त्याच्याही आधी माझ्यासमोर आली होती. तिची आई वेळेवर आली होती. उशीर दवाखान्यात पोचल्यावर झाला.

म्हणून मी माझ्या व्यवसायातल्या मंडळींना सांगत आले, की उशीर हा शब्द एकदा सुटा करून बघा. घरात लक्षात यायला किती दिवस लागले? लक्षात आल्यावर पहिल्या डॉक्टरकडे जायला किती? पहिल्या डॉक्टरनं ओळखून पुढे पाठवायला किती? प्रवासाला, पैसे जमवायला, राहण्याची सोय बघायला किती? आणि शस्त्रक्रियेला हो म्हणायला किती? प्रत्येक टप्प्याचा उपाय वेगळा आहे. सगळा दोष आईबापांवर टाकला, की मधले टप्पे दिसेनासे होतात.

हा रोग वाट बघू देत नाही. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला डायलिसिसवर ठेवून काही काळ काढता येतो, मूत्रपिंड मिळण्याची वाट बघता येते. त्या वाट बघण्यातही हाल असतात, पण निदान काळ हातात राहतो. इथे तशी सोय नाही. गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर मूल वाचण्याची खात्री जवळजवळ देता येते. ती नसेतून मेंदूकडे किंवा रक्तातून हाडांच्या मगजात गेली, की सगळं अवघड होऊन बसतं.

आणखी एक वेगळेपण सांगायला हवं. एरवी कर्करोगाची शंका आली, की डॉक्टर गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. या रोगात डोळ्यात सुई घालत नाहीत, कारण त्या वाटेनं रोग बाहेर पसरू शकतो. तपासणी, सोनोग्राफी, स्कॅन, भूल देऊन केलेली पडद्याची पाहणी, यांवरूनच निदान होतं. म्हणून 'बहुतेक मोतीबिंदू असेल' म्हणून घाईनं डोळा उघडणं हेही तितकंच धोक्याचं.

हा रोग का होतो, हे आईबापांनी मला नेहमी विचारलं. ग्रहणात काही चिरलं का, काजळ घातलं त्यानं झालं का, असं विचारत. यातलं काहीही नाही. अमेरिकेतले डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली या रोगाच्या रुग्णांच्या नोंदी अभ्यासून एक तर्क मांडला. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पडद्याच्या एखाद्या पेशीत या दोन्ही प्रती बिघडल्या, की ती पेशी बेलगाम वाढते. १९८६ साली ते जनुक प्रत्यक्ष सापडलं आणि नुडसन यांचं म्हणणं खरं ठरलं. कर्करोग रोखणारी जनुकं शरीरात असतात, हे माणसाला पहिल्यांदा या चिमुकल्या मुलांच्या आजारातून कळलं. पुढे इतर अनेक कर्करोगांच्या अभ्यासाला त्याचा उपयोग झाला.

काही मुलांत यातली एक प्रत जन्मापासून शरीरातल्या सगळ्या पेशींत बिघडलेली असते. अशा मुलांचे बहुधा दोन्ही डोळे बाधतात आणि मोठेपणी त्यांच्या मुलांनाही हा दोष जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून घरात एकाला हा आजार झाला असेल, तर भावंडांचे डोळे तपासायलाच हवेत. आणि लहानपणी यातून वाचलेल्या माणसानं आपल्या बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर दाखवायला हवेत. यात आईच्या कुळाचा किंवा बापाच्या कुळाचा दोष काढण्यासारखं काही नाही.

उपचार गेल्या तीस वर्षांत खूप बदलले आहेत. पूर्वी डोळा काढणं किंवा किरणं देणं हेच मुख्य मार्ग होते. आनुवंशिक रोग असलेल्या मुलांना किरणांमुळे मोठेपणी दुसरे कर्करोग होण्याचा धोका वाढतो हे लक्षात आलं, आणि १९९० नंतर केमोथेरपीनं गाठ लहान करून मग लेसरनं किंवा गोठवून ती नष्ट करण्याकडे कल गेला. पुढे डोळ्याच्या रक्तवाहिनीतच औषध सोडण्याचं तंत्र आलं. आपल्या देशात मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचं शंकर नेत्रालय, दिल्लीच्या एम्समधलं नेत्रकेंद्र अशा ठिकाणी या मुलांवर उपचार होतात. पण यातले पुष्कळसे उपचार लवकर आलेल्या बाळासाठीच आहेत. गाठीनं डोळा भरून गेल्यावर डोळा वाचवण्याचा हट्ट धरायचा नसतो. तो काढायचा आणि मूल वाचवायचं.

डोळा काढणं हे ऐकायला फार कठीण आहे, मला कळतं. पण त्या डोळ्यानं बाळाला तसंही दिसत नसतं. खोबणीत गोळा बसवतात, वर कृत्रिम डोळा बसवतात, तो दुसऱ्या डोळ्याशी जुळतो. माझ्याकडून पुढे पाठवलेला एक मुलगा अशा डोळ्यासह वाढला. आज त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बारीक स्क्रू एका डोळ्यानं बसवतो आणि मला हसून म्हणतो, "मॅडम, तुमच्यापेक्षा बरं दिसतं मला."

आता तुम्ही काय करायचं, ते सांगते. आज घरोघरी मोबाईल आहे, बाळाचे दिवसाला दहा फोटो निघतात. अमेरिकेतले ब्रायन शॉ हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या मुलाला हा आजार झाला. निदान झाल्यावर त्यांनी घरातले जुने फोटो काढून बघितले, तर बाळ अवघं बारा दिवसांचं असतानाच्या फोटोतही पांढरी चमक होती. मग त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अशी चमक शोधणारं मोबाईलचं ॲप तयार केलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, डोळ्यांचा आजार निघालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्के मुलांच्या घरगुती फोटोंत ती चमक निदानाच्या आधीच सापडली, तीही सरासरी सव्वा वर्ष आधी.

ॲप नसलं तरी अडत नाही. मंद उजेडाच्या खोलीत, फ्लॅश लावून, बाळ कॅमेऱ्याकडे बघत असताना फोटो घ्या. डोळ्यातला लाल रंग काढून टाकण्याची सोय मोबाईलमध्ये असेल तर ती बंद करा. दोन्ही बाहुल्या सारख्या लाल दिसल्या तर चांगलं. एक लाल आणि एक पांढरी किंवा पिवळट दिसली, तर घाबरून जाऊ नका. बाळाची नजर बाजूला असली तर निरोगी डोळ्यातही कधी तशी चमक येते. जन्मजात मोतीबिंदूनं किंवा पडद्याच्या दुसऱ्या आजारानंही येते. पण ती कशामुळे आली, हे त्याच आठवड्यात तपासून घ्या. आणि फोटो साफ आला म्हणून दिसणाऱ्या लक्षणाकडे दुर्लक्षही करू नका. चार महिन्यांनंतरही बाळाचा डोळा तिरळा दिसत असेल, तर 'भाग्याचा' म्हणून ठेवून देऊ नका.

डॉक्टरकडे गेल्यावर विचारायला संकोच करू नका. "थेंब घालून आतला पडदा बघाल का?" एवढंच विचारा. त्यात डॉक्टरचा अपमान नाही. गावात डोळ्यांचे डॉक्टर नसतील, तर २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतात. त्यांना दाखवा, फोटोही दाखवा. खर्चाच्या भीतीनं थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथे पहिल्याच दिवशी जाऊन भेटा.

शेवटी त्या आईकडे येते. २००१ साली ती पुन्हा माझ्या दारात उभी राहिली. कडेवर दोन महिन्यांचा मुलगा. माझ्याकडे ती पुन्हा येईल, असं मला कधीच वाटलं नव्हतं. आत आली आणि एकच वाक्य बोलली, "डॉक्टरीणबाई, ह्या खेपेला अंधारात बघा."

मी रांग थांबवली. थेंब घातले. पाऊण तास आम्ही दोघी गप्प बसून होतो. मग अंधाऱ्या खोलीत बघितलं. दोन्ही डोळ्यांत लाल चमक होती. तरी मी त्याला मुंबईला पाठवून भूल देऊन तपासून घेतलं, आणि पुढची काही वर्षं ती तपासणी ठरल्याप्रमाणे होत राहिली. त्याला काही झालं नाही.

त्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती खाली बघत म्हणाली, "तुमी बघितलं न्हाई, पर मी बी पुन्हा आले न्हाई. तुमी न्हाई म्हनला, तर मला वाटलं मलाच खोटं दिसतंय."

तिच्या या बोलण्यासाठी मी आज इथे आले आहे. तिला खोटं दिसत नव्हतं. तिचं काही चुकलंही नव्हतं. तिनं बघितलं, सांगितलं, आणि शिकलेल्या माणसानं नाही म्हटल्यावर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. आपल्याकडे किती आयांच्या बाबतीत असं होत असेल. तेव्हा बाळाच्या डोळ्यात काही वेगळं दिसलं आणि पहिल्या डॉक्टरनं नाही म्हटलं, तर दुसऱ्याकडे जा. आणि माझ्या तरुण डॉक्टर मित्रांनो, बाळाच्या डोळ्यात काही चमकतं असं कुणी आई म्हणाली, तर बाहेर कितीही रांग असू द्या, खिडकी लावून घ्या आणि अंधारात बघा.